तरंगलेल्या जीपविषयी दाजींना खुलासा

सांगली,
दि. २१ मे, बुधवार

तीर्थस्वरूप केरबादाजी यांच्या पायांशी जयराजचे मस्तक.

पाटणला आपण आणि अक्का खुशाल असाल असे गृहीत धरतो. (गृहीत धरण्याचे कारण असे, की अक्का फोनवर "बरी हाय" एवढेच सांगते, आणि आजारी असली तरी तेवढेच सांगते.) आपल्या डाव्या कानाच्या नव्या यंत्राने गुण आला का, ते अवश्य कळवावे. आला नसल्यास मनाला लावून घेऊ नये. ज्या कानांनी एकोणतीस वर्षे लष्कराच्या वर्कशॉपात इंजिनांची नाडी पाहिली, त्यांना आता माणसांचे बोलणे नकोसे झाले असेल तर तो त्यांचा हक्क आहे. हा मजकूर फोनवर न सांगता लिहून पाठवण्याचे तेही एक कारण. दुसरे कारण असे, की मला जे सांगायचे आहे ते बोलताना माझा आवाज सरळ राहीलच याची खात्री देता येत नाही. आमच्याकडे सर्व ठीक. सौ. राजेश्वरीचे गुडघे पूर्ववत, म्हणजे जिना चढताना दुखतात आणि लग्नाला जाताना दुखत नाहीत.

मुख्य विषय असा: फेब्रुवारीत आपण जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून पाठवलेल्या चौदा सूचनांपैकी अकरावी सूचना मी पाळली नाही. त्याचा रीतसर खुलासा करणे माझे कर्तव्य आहे.

आपण लष्कराच्या लिलावातून घेऊन मला दिलेली ती बंद पाठीची जीप पाण्यातून न्यायची कशासाठी, हे आपण कधी विचारले नाही. सैनिकाला हुकूम कळला की पुरते, असे आपण म्हणता; परंतु मी कॉमर्सचा माणूस असल्याने कारण नोंदवल्याशिवाय मला चैन पडत नाही. २०१९ च्या महापुरात हरणाआत्या नदीकाठच्या मळीतल्या घराच्या स्लॅबवर चार दिवस होती, हे आपणास ठाऊकच आहे. तीन बोटी तिच्यापर्यंत गेल्या आणि तिन्ही तिने परत पाठवल्या. नावेत बसणार नाही, एवढेच ती सांगे. ज्याची चाकं भुईला टेकलेली असतील अशा कशातही बसते, मग ती बैलगाडी असो की मुडद्याची गाडी. मी चारही दिवस ओढ्याच्या अलीकडे उभा होतो. ओढा कसला, नदीचा फुगवटा शिरून दोन फर्लांगांची नदीच झाली होती. रोज सकाळी ती कठड्यावर हिरवे लुगडे वाळत टाकी, आणि मी उसन्या दुर्बिणीतून ते पाहून घरी निरोप देई की आत्या आहे. तिसऱ्या दिवशी साडेअकरापर्यंत लुगडे दिसले नाही. त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला जो बसलो, तो कितीतरी वेळ बसूनच होतो. (पुढे कळले, त्या सकाळी तिला जरा उशिरा जाग आली होती, इतकेच.) आई गेल्यावर तीन वर्षांच्या मला जिने पदराखाली घेतले, तिच्यात आणि माझ्यात दोन फर्लांग पाणी होते, आणि माझ्याकडे पदवी होती. २०२१ च्या पुरातही ती हलली नाही; त्या वर्षी पाणी पायरीवरून परत गेले, म्हणून निभावले. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पुढच्या पुरात ती मळीत राहता कामा नये, एवढ्यासाठीच ही जीप.

आता तयारीविषयी. फेब्रुवारी ते मे, प्रत्येक रविवारी दुपारी मी जीपखाली उताणा पडत असे. गोदामाच्या मागच्या अंगणात लिंबाखाली गाडी लावलेली असे, आत हळदीची पोती, बाहेर ऊन, आणि मधल्या दारातून येणारा तो पिवळा, कोमट वास. आपल्या सूचना मी एकेक करून अमलात आणल्या. इंजिनाला हवा ओढण्यासाठी टपापर्यंत नेलेली नळी बसवली. गिअरबॉक्स आणि आसांवरचे पुढचे-मागचे दोन्ही गोळे (डिफरन्शियल) यांच्या श्वासाच्या तोंडांना रबरी नळ्या जोडून त्या वर चढवल्या, म्हणजे गरम झालेला गोळा थंड पाण्यात शिरला की पाणी आत ओढून घेणार नाही. विजेच्या प्रत्येक जोडावर ग्रीस थापले. पंख्याने इंजिनावर पाणी उडवू नये म्हणून त्याचा पट्टा पाण्यात उतरण्याआधी काढण्याचा सराव केला (पहिल्या वेळी चाळीस मिनिटे, शेवटच्या वेळी सहा). पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधली. हे सर्व करताना, दाजी, मला एक विलक्षण सुख होत असे, जे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. खालून वर पाहताना ती जीप जीप वाटत नसे. नळ्यांनी श्वास घेणारे, पोटाशी थंड असलेले, अद्याप पाण्यात न गेलेले असे एखादे जनावर आपल्यावर उभे आहे असे वाटे. डोळा लागला की ते मला पाठीवर घेऊन चाले. वर नदी असे, खाली नदीचा तळ असे, आणि तळाला चक्क रस्ता असे, मैलाच्या दगडांसह. दुतर्फा ऊस उभा असे आणि पाण्याच्या ओढीने सगळा एका बाजूला कलत असे. राजेश्वरी चहा घेऊन येई आणि माझे पाय हलवून मी जिवंत असल्याची खात्री करून घेई.

आता अकरावी सूचना. आपण लिहिले होते: "तळाची बुचं काढून टाकणे." कारण दिले नव्हते. जीपच्या तळाला, पायांखाली, चार भोके असतात आणि त्यांना बुचे असतात. पाण्यात जाताना ती काढायची? मी हे वाक्य पुन:पुन्हा वाचले. आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून माझा असा निष्कर्ष झाला की "घट्ट बसवणे" लिहिताना आपला हात चुकला असावा. माझी बाजूही समजून घ्यावी. माझे वडील हरिपूरच्या पेवांवर होते. जमिनीखालच्या त्या खोल खड्ड्यांत हळद भरून ते तोंड असे लिंपत, की चार-चार पावसाळे वरून गेले तरी आत थेंब उतरत नसे. मी स्वतः एकतीस वर्षे हळदीच्या गोदामाचा व्यवस्थापक आहे. दमट हवा आत येऊ न देणे यापलीकडे माझ्या आयुष्याला दुसरा हेतू नाही. अशा माणसाला आपण तळाला चार भोके उघडी ठेवून पाण्यात जा म्हणता. हात धजला नाही. मी बुचे काढली नाहीत. उलट ती वरून आणि खालून बंद केली, सांधे डांबराने आणि मेणाने लिंपले, दारांना दुहेरी रबर लावले, त्यावर ग्रीस दिले आणि गिअरच्या तरफेच्या खाचेपासून क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्यांच्या भोकांपर्यंत एकही फट ठेवली नाही. मग आत बसून दार लावले तर कानाला दडे बसले. मला अतिशय समाधान वाटले. वडील असते तर त्यांनी त्या जीपवर बोट फिरवून मान हलवली असती.

चाचणी गेल्या रविवारी, अठरा तारखेला, तासगावकडे रामगोंडाच्या द्राक्षबागेमागच्या तलावात घेतली. (रामगोंडा म्हणजे बी.कॉम.ला माझ्या शेजारी बसणारा. आता त्याची बेदाण्याची दोन शेड आहेत.) उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्याने तलाव भरला होता आणि एका बाजूने मुरमाचा उतार सरळ आत जातो. आपल्या पहिल्या सूचनेप्रमाणे मी काठी घेऊन स्वतः पाण्यात उतरलो आणि दर दोन पावलांवर खोली मोजली. साडेतीन फूट, तळ कठीण, मध्ये दगड नाही. रामगोंडा बांधावर बसून बेदाणे खात होता. त्याने एकदाच विचारले, की गड्या, रस्ता सोडून पाण्यातनं जायाची तुला एवढी हौस हाय, तर तू म्हसरं का पाळली न्हाईस.

हरणाआत्याला मी मुद्दाम आणले होते. शब्दावर विश्वास ठेवणारी ती नाही. चाकं भुईला टेकून पाण्यातून गाडी जाते हे तिने स्वतः बसून पाहिले, तरच पावसाळ्यात मी न्यायला गेल्यावर ती पाय आत टाकेल, असा माझा हिशेब होता. ती पुढच्या सीटवर बसली. हातात पिशवी, पिशवीत पानसुपारी. पट्टा काढला, पहिला गिअर घातला, लढाऊ फळी लावली (तो शब्द आपलाच, चारही चाकांना जोर देण्याची ती छोटी तरफ), आणि आम्ही निघालो. पुढे लाट उठली, आपण वर्णन केली होती तशीच, जाळीच्या पुढे एक वाकलेली काच चालावी तशी. पाणी दाराला लागले. पाणी दारावर चढले. आत थेंब नाही. मी एकदा पायांखाली पाहिले आणि त्या क्षणी मी या जिल्ह्यातला सर्वांत सुखी माणूस होतो.

मग एक अत्यंत मऊ गोष्ट घडली. दुसरा शब्द मला सुचत नाही. खालून येणारा मुरमाचा खडखडाट हळूहळू विरळ झाला, आणि थांबला. स्टिअरिंग हातात हलके झाले, जणू ते कशालाच जोडलेले नव्हते. मागची बाजू अदबीने वर उचलली गेली, नाक थोडे खाली गेले, आणि गाडी डावीकडे वळू लागली, जिकडे मी वळवत नव्हतो. चाके फिरत होती. तलाव तसाच होता. इंजिन तापू नये म्हणून (पट्टा नव्हता) मी ते बंद केले. त्यानंतर जी शांतता पसरली तिचे वर्णन माझ्या कक्षेबाहेरचे आहे. बेदाण्याच्या शेडवरचा हिरवा कापडी पडदा फुगत होता, बसत होता. एक बगळा आमच्या टपावर उतरला, त्याची नखे पत्र्यावर वाजली. वाऱ्याने आम्ही मधल्या खोल भागाकडे निघालो होतो, जिथे मी काठीने मोजलेले नव्हते.

आत्या समोर पाहत होती. तिने विचारले, "जया, चाकं भुईला हायत न्हवं?"

दाजी, एकतीस वर्षांत मी ओल्या मालाला कोरडा म्हटलेले नाही. परंतु त्या वेळी माझ्या जिभेवर "आहेत" हा शब्द पूर्ण तयार होऊन बसला होता. एवढा एक शब्द उच्चारला असता, तर पावसाळ्यात ती माझ्यासोबत आली असती. न उच्चारला तर ती पुन्हा स्लॅबवर बसणार. मी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. मग म्हणालो, "नाहीत, आत्या. ही नाव झाली आहे."

तिने पिशवीतून पान काढले, देठ खुडला, चुना लावला. चुना पानाबाहेर गेला नाही. मग म्हणाली, "मग गप बस. हालवू नगंस."

आम्ही तरंगत होतो. किती वेळ, ते सांगता येत नाही. माझ्या घड्याळाप्रमाणे पन्नास मिनिटे, परंतु त्या दिवशी घड्याळावर माझा विश्वास नव्हता. उजवीकडे द्राक्षाचे मांडव सरकत, मग बांध, मग बांधावरचा रामगोंडा, मग पुन्हा मांडव. जग आमच्याभोवती फिरत होते आणि आम्ही मध्ये दोन सीटांवर बसून ते पाहत होतो. मधूनच आत्या बोलू लागली. लग्न होऊन ती नावेतूनच कृष्णा ओलांडून सासरी आली होती, सोळा वर्षांची असताना. निघताना ठरले होते की पहिल्या पंचमीला भाऊ मुराळी म्हणून येईल आणि तिला माहेरी नेईल. पंचमी आली. नदीला पूर होता, नाव बंद होती. ती नवे लुगडे नेसून सकाळपासून घाटावर उभी राहिली. पलीकडच्या काठावर तिला एक माणूस दिसत होता, त्याच्या डोक्याला पांढरा फेटा होता, तो दिवसभर उभा होता आणि संध्याकाळी निघून गेला. तो भाऊच होता की दुसरा कोणी, हे तिने कधी विचारले नाही. "नावंनं आणलं, आन नावंनंच परत न्हेलं न्हाई," एवढे बोलून तिने पिंक टाकण्यासाठी काच खाली करायला सांगितली.

तिचा भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे पांढरा फेटा होता. पूर आला की ते जेवत नसत, आणि आम्हाला वाटे की त्यांना पेवांची काळजी आहे. हे मी तिला सांगितले. तिने पदराने ओठ पुसले. मग म्हणाली, फेटा बांधायला त्याला कधी धड आलंच न्हाई. आणि हसली. दाजी, तिला पाण्यावर हसताना मी प्रथमच पाहिले.

शेवटी वाऱ्याने आम्हाला पलीकडच्या काठाच्या गाळात नेऊन टेकवले. तिथे पाणी उथळ होते. आता बुचे काढली की आत पाणी येईल, वजन वाढेल, चाके तळ धरतील आणि गाडी स्वतःच्या पायाने बाहेर निघेल, हे मला लख्ख कळले. अकराव्या सूचनेचे कारणही त्याच क्षणी कळले. (दोन ओळींत कारण लिहिले असते तर मी सूचना पाळली असती, हे नम्रपणे नोंदवतो.) मी खाली वाकलो. बुचे निघेनात. पान्याने, छिन्नीने, आत्याच्या अडकित्त्याने. माझ्या हातचे लिंपण मलाच उघडता येईना. रामगोंडा ट्रॅक्टर घेऊन आला, गुडघाभर चिखलात उभा राहून त्याने दोर बांधला आणि अतिशय गंभीरपणे विचारले, की गड्या, आता किनारा लागला, उतारूंनी उतरायचं की बोट पुढं मिरजंला जाणार. जीप बाहेर आली. आत एक थेंबही नव्हता. बगळा शेवटपर्यंत टपावर बसून होता.

आत्या त्या दिवसापासून आमच्याकडे सांगलीत आहे. मळीतून निघण्याविषयी मी विषय काढलेला नाही, तिनेही काढलेला नाही. खुलासा संपला. आपण जी शिक्षा द्याल ती मान्य. अक्काला माझा नमस्कार पोहोचवावा आणि आपण उजव्या कुशीवर झोपावे, म्हणजे यंत्र दबणार नाही.

आपल्या सूचनांचा अपुरा विद्यार्थी,
जयराज

ता. क. १: डांबर आणि मेण यांचे एकत्र झालेले लिंपण कशाने निघते, ते कळवावे. रॉकेलने निघाले नाही. गरम पाण्याने अधिक घट्ट झाले.

ता. क. २: वर न लिहिलेली एक गोष्ट. आपली पाटणची मागची खोली आषाढापासून गणपतीपर्यंत आत्यासाठी मिळू शकेल का? आमचे घरही पुराच्या खुणेच्या आत आहे, हे मी अनेक वर्षे तिच्यापासून आणि काही अंशी स्वतःपासून लपवले आहे. खरे तर हे पत्र एवढ्यासाठीच लिहिले, जीपमुळे लांबले. ती येण्यास तयार होईल असे मला वाटत नाही, तरी खोली हाताशी असावी.

ता. क. ३: पाकीट चिकटवण्यापूर्वी आत्याने पत्र वाचून दाखवायला लावले. (पुढील मजकूर तिने सांगितला तसा लिहिला आहे. त्याच्याशी मी सहमत आहे असे समजू नये.)

जावयबापू, समदं खरं लिवलंय ह्यानं. खोली झाडून ठेवा. मी सोमवारी सकाळच्या यष्टीनं येते, रस्ता कोरडा हाय तवर. त्या गाडीवर भरवसा बसला म्हणून येत न्हाई. मी मळीत ऱ्हायले तर ह्यो त्या डब्यात बसून मला न्यायाला येणार, हे आता मला कळलंय. आन ह्येला पोहाया येत न्हाई. ल्हानपणी मीच ह्येला नदीवर जाऊ दिलं न्हवतं.